कर्ण्यानंतर कोणता स्पीकर?

घर बदलायचे ठरले, की कपाटे, पलंग आणि पुस्तकांचे गठ्ठे यांची सोय लागते. दिवाणखान्याच्या दोन कोपऱ्यांत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या, कपाटाएवढ्या हॉर्न स्पीकरचे काय करायचे, हा प्रश्न मात्र घरातील संगीतप्रेमी माणसाला छळतो. ऐसपैस बंगल्यातून दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत येताना अखेर मन घट्ट करून ते धूड विकले जाते आणि त्याच्या जागी सडपातळ, देखणे, नव्या बनावटीचे स्पीकर येतात. किंमत अनेकदा लाखाच्या घरात जाते. आणि महिनाभरातच कुरबूर सुरू होते : आवाज स्वच्छ आहे, मंद्र स्वरही पूर्वीपेक्षा खोल ऐकू येतात, पण तबल्याची थाप अंगावर येत नाही, गवई समोर बसल्यासारखा वाटत नाही.

ही केवळ जुन्या वस्तूची ओढ असते का? काही अंशी असेलही. परंतु या तक्रारीच्या मुळाशी बरेचसे भौतिकशास्त्र आहे. कर्ण्याची सवय झालेल्या कानाला नेमके काय हरवले, हे ठाऊक नसेल, तर कितीही महागडा स्पीकर घेतला तरी निराशा पदरी पडण्याची शक्यता राहते. ते ठाऊक असेल, तर तुलनेने कमी खर्चातही मनासारखी निवड करता येते.

कर्णा करतो काय?

शेताच्या बांधावरून दूरच्या माणसाला हाक मारताना आपण दोन्ही हातांची ओंजळ तोंडाभोवती धरतो. तुतारीचे तोंड हळूहळू रुंदावत जाते. जुन्या ग्रामोफोनला पितळी कर्णा असे. या तिन्हींमागील तत्त्व एकच आहे. हवा अतिशय हलकी असते. तिच्या तुलनेत स्पीकरचा पडदा जड असतो. असा पडदा मोकळ्या हवेत हलला, तर त्याची बहुतेक शक्ती हवेपर्यंत पोहोचतच नाही. क्रमाक्रमाने रुंदावणारा कर्णा पडद्यासमोरच्या हवेची ‘पकड’ वाढवतो. वाहनाचा गिअर जसे इंजिनाचे बळ रस्त्याला जुळवून घेतो, तसेच काम कर्णा करतो.

विजेवर चालणारा स्पीकर जन्मला तोही कर्ण्यासहच. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ मध्ये अमेरिकेत जो ध्वनिक्षेपक लोकांसमोर आणला, त्याला कर्णाच जोडलेला होता. त्या काळातील अॅम्प्लिफायर मोजक्या वॅटचे असत. त्यामुळे मिळालेली शक्ती वाया न घालवणे ही गरज होती. बोलपट आले आणि हजारभर प्रेक्षकांच्या चित्रपटगृहात आवाज पोहोचवण्याची जबाबदारी पडद्यामागच्या मोठमोठ्या कर्ण्यांनी उचलली.

हा कर्णा घरात आणताना अडचण होती ती आकाराची. चाळीस हर्ट्झच्या मंद्र स्वराची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते. तो स्वर मोकळ्या जागेत नीट बाहेर टाकण्यासाठी कर्ण्याच्या तोंडाचा व्यास अडीच मीटरहून अधिक हवा. अमेरिकी अभियंता पॉल क्लिप्श यांनी यावर युक्ती काढली. त्यांनी कर्णा लाकडी पेटीत घड्या घालून बसवला आणि ती पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. दोन भिंती आणि जमीन हेच कर्ण्याचे पुढचे तोंड बनले. आर्कान्सा राज्यातील होप या गावी १९४६ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली आणि ‘क्लिप्शहॉर्न’ बाजारात आला. त्याची आजची आवृत्ती शंभर किलोच्या आसपास वजनाची आहे. कोपरा सोडून तो ठेवण्याचा प्रयत्न केला, की मंद्र स्वर पातळ होतात. लहान सदनिकेत नेमकी इथेच गाडी अडते. कारण एका कोपऱ्यात दार असते, तर दुसऱ्यात खिडकी.

तीनपैकी दोनच

मोठा आकार टाळण्याचा मार्ग १९२० च्या दशकातच दिसू लागला होता. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये कर्ण्याविना, थेट हवेत हलणाऱ्या शंकूच्या स्पीकरचा आराखडा मांडला. आज घरोघरी दिसणारे बहुतेक स्पीकर त्याच कुळातले आहेत. पुढे १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांच्या ‘अॅकूस्टिक रिसर्च’ कंपनीने हवाबंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करणारा ‘एआर-१’ हा स्पीकर आणला. पुस्तकांच्या कपाटात मावेल एवढ्या पेटीतून खोल मंद्र स्वर निघू लागले. मात्र त्यासाठी कार्यक्षमतेची किंमत मोजावी लागली. अॅम्प्लिफायरची ताकद स्वस्त होत गेली, तशी ही किंमत कोणाला जाणवेनाशी झाली.

याच परंपरेतील अभियंते अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक ‘लोहनियम’ आहे. लहान पेटी, खोल मंद्र स्वर आणि उच्च कार्यक्षमता या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एकत्र मिळतात. तिसरीवर पाणी सोडावे लागते. कर्ण्याच्या मालकाने आजवर आकाराचा त्याग केलेला असतो. सदनिकेत आल्यावर त्याला आकार हवासा होतो. मग उरलेल्या दोहोंपैकी एक सोडणे भाग आहे. ‘सगळेच मिळेल’ असे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्याकडे सावधपणे पाहावे, ते यासाठी.

वॅटचा हिशेब

खरेदीच्या वेळी बहुतेक ग्राहक ‘किती वॅटचा?’ असे विचारतात. स्पीकरच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. कारण तो आकडा स्पीकर किती शक्ती सोसू शकतो एवढेच सांगतो. महत्त्वाचा आकडा असतो तो संवेदनशीलतेचा, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो त्याचा. पूर्ण कर्ण्याच्या स्पीकरसाठी उत्पादक सुमारे १०४ ते १०५ डेसिबल असा आकडा देतात. आजचे सर्वसाधारण स्पीकर ८५ ते ८९ च्या दरम्यान असतात. बीबीसीने बाहेरच्या ध्वनिमुद्रणासाठी विकसित केलेला आणि पुढे घरगुती श्रोत्यांत लोकप्रिय झालेला चिमुकला ‘एलएस ३/५ए’ तर ८३ च्या आसपास आहे.

हे आकडे वरवर जवळचे वाटतात. पण डेसिबलचे माप वेगळ्या रीतीने चढते. तीन डेसिबल वाढवायचे, तर शक्ती दुप्पट लागते. दहा डेसिबलसाठी दहापट आणि वीस डेसिबलसाठी शंभरपट. तीन मीटर दूर बसलेल्या श्रोत्याला संगीतातील क्षणिक उसळी १०० डेसिबलपर्यंत ऐकू यावी, अशी अपेक्षा धरू. खोलीचा आणि दुसऱ्या स्पीकरचा हातभार गृहीत धरून १०४ डेसिबलच्या कर्ण्याला त्यासाठी दीड-दोन वॅट पुरतात. ८४ डेसिबलच्या स्पीकरला मात्र दीडशेहून अधिक वॅट लागतात.

फरक एवढ्यावर थांबत नाही. साधारण स्पीकर मिळालेल्या विजेपैकी जेमतेम अर्धा टक्का आवाजात रूपांतरित करतो; उरलेली जवळपास सर्व वीज त्याच्या तारेच्या वेटोळ्यात उष्णता बनते. वेटोळे तापले, की त्याचा विद्युत विरोध वाढतो आणि मोठ्या आवाजाच्या क्षणी स्पीकर थोडा मागे पडतो. शिवाय कंप्रता निम्मी झाली, की तेवढ्याच आवाजासाठी उघड्या शंकूला चौपट हलावे लागते. जास्त हालचाल म्हणजे विकृती वाढण्याची भीती. कर्ण्यामागचा पडदा अगदी थोडा हलतो आणि तापतही नाही. ढोलकीची थाप किंवा तबल्याचा ‘धा’ कर्ण्यातून जिवंत वाटतो, त्याचे महत्त्वाचे कारण हेच. शांततेतून क्षणात उसळी घेण्याची ही सहजता कर्ण्याची पहिली देणगी होय.

आवाजाची दिशा

दुसरी देणगी दिशेची आहे. कर्णा मध्यम आणि तार स्वर ठरावीक कोनातच फेकतो. त्यामुळे श्रोत्याकडे थेट येणारा आवाज अधिक आणि बाजूच्या भिंतींवरून परावर्तित होऊन येणारा कमी असतो. आजच्या अनेक स्पीकरमध्ये तार स्वरांसाठी इंचभर व्यासाचा घुमटाकार ट्विटर असतो. तो आवाज चहूकडे पसरवतो. फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत मग परावर्तने वाढतात. काहींना त्यातून आवाज प्रशस्त आणि हवेशीर वाटतो. कर्ण्याला सरावलेल्या कानाला मात्र तोच आवाज दूर गेल्यासारखा, काहीसा विरळ वाटतो. गायकाचे शब्द पूर्वीइतके धारदार लागत नाहीत, ही तक्रार बहुधा इथून येते. अशा वेळी स्पीकर बदलण्याआधी बाजूच्या भिंतींवर पुस्तकांची कपाटे, जाड पडदे आणि जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा यांचा प्रयोग करून पाहणे शहाणपणाचे ठरते.

कर्ण्याची दुसरी बाजू

कर्णा म्हणजे सर्वगुणसंपन्न, असे समजण्याचे कारण नाही. सदोष आकाराच्या कर्ण्यातून नाकात बोलल्यासारखा स्वर उमटतो. ‘भोंगा’ हा शब्द हेटाळणीने वापरला जातो तो त्यामुळेच. घडीच्या लांब मार्गातून येणारे मंद्र स्वर तार स्वरांच्या किंचित मागाहून पोहोचतात. शिवाय ठरावीक कंप्रतेखाली कर्णा हात टेकतो. क्लिप्शचा मोठा ‘ला स्काला’ हा स्पीकर, पेटी भलीमोठी असूनही, पन्नास हर्ट्झच्या आसपासच थांबतो. त्याहून कितीतरी लहान आधुनिक स्पीकर त्याच्या खाली उतरू शकतात. म्हणजे नव्या स्पीकरकडे जाताना काही हरवते, तसे काही गवसतेही. तंबोऱ्याचा भरीव नाद, ऑर्गनचे खर्ज स्वर आणि तालवाद्यांचे तळाचे घुमणे कदाचित प्रथमच नीट ऐकू येते.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हर्मन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांच्या पसंतीचा दीर्घकाळ अभ्यास केला. समोरून सर्व स्वर समतोल आणि बाजूलाही आवाजाचा ढंग न बिघडवणारे स्पीकर बहुसंख्य श्रोते पसंत करतात, असे त्यातून दिसले. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट पुढे आली : स्पीकर डोळ्यांना दिसत असेल, तर श्रोत्यांचे गुण बदलतात. आकार, किंमत आणि नाव यांचा कानावर पडणारा प्रभाव दुर्लक्षिण्याजोगा नाही. कर्ण्याचा अभिमान बाळगणाऱ्यालाही हे लागू पडते आणि नव्या स्पीकरच्या झगमगाटाने भुलणाऱ्यालाही.

मधले मार्ग

कर्ण्यापासून थेट पुस्तकाएवढ्या पेटीवर उडी मारण्याची गरज नाही. मध्ये अनेक पायऱ्या आहेत.

पहिली पायरी अर्ध्या कर्ण्याची. यात मध्यम आणि तार स्वरांना कर्णा असतो. मंद्र स्वर मात्र नेहमीचा मोठा शंकू सांभाळतो. क्लिप्शनेच १९५७ मध्ये ‘हेरेसी’ आणि १९५९ मध्ये ‘कॉर्नवॉल’ हे स्पीकर या पद्धतीने आणले. त्यांच्या सुधारित आवृत्त्या नंतरही निघत राहिल्या. त्यांना कोपरा लागत नाही. हेरेसी तर लहान खोलीतही मावतो. अर्थात लोहनियमाप्रमाणे त्याचे मंद्र स्वर फार खोल जात नाहीत. ज्याला थापेची उसळी आणि शब्दांची धार सोडवत नाही, त्याने प्रथम या वर्गाकडे पाहावे.

दुसरी पायरी एककेंद्री स्पीकरची. ब्रिटनच्या टॅनॉय कंपनीचा १९४७ चा ‘ड्युअल कॉन्सेंट्रिक’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना. यात मोठ्या शंकूच्या मध्यभागीच तार स्वरांचा कर्णा बसवलेला असतो. सर्व स्वर एकाच बिंदूतून आल्यासारखे वाटतात. त्यामुळे एकल गायन आणि एकल वाद्य ऐकणाऱ्यांना हा प्रकार विशेष भावतो.

तिसरी पायरी ९३ ते ९६ डेसिबलच्या कर्णाविरहित स्पीकरची. यांत बारा-पंधरा इंची हलके कागदी शंकू वापरतात. पेटी रुंद असते; पण कोपरा अडवत नाही. चौथ्या वर्गात आजचे सडपातळ उभे किंवा टेबलावरचे स्पीकर येतात. ते घ्यायचे, तर ताकदवान अॅम्प्लिफायर आणि शक्य झाल्यास वेगळा सबवूफर यांचा खर्च आधीच धरावा. प्रत्येक शंकूसाठी आतच स्वतंत्र अॅम्प्लिफायर असलेले ‘अॅक्टिव्ह’ स्पीकर हा पाचवा मार्ग. त्यांतील काहींमध्ये ट्विटरभोवती उथळ कर्ण्यासारखा ‘वेव्हगाइड’ असतो. आवाज ठरावीक दिशेने नेण्याचे कर्ण्याचे जुने तत्त्व तेथे नव्या रूपात टिकून आहे.

अॅम्प्लिफायरची फेरतपासणी

कर्ण्याच्या अनेक शौकिनांकडे व्हॉल्व्हचा लहान अॅम्प्लिफायर असतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ मध्ये आणलेल्या ‘३००बी’ या व्हॉल्व्हचा एकेरी अॅम्प्लिफायर साधारण आठ वॅट देतो. कर्ण्याला ही चंगळ आहे; ८७ डेसिबलच्या स्पीकरला उपासमार. वरच्याच हिशेबाने तेथे तीन मीटरवर नव्वदीच्या आसपास आवाज गेला, की अॅम्प्लिफायरचा दम संपतो आणि उसळीच्या क्षणी आवाज फाटू लागतो. दोष मात्र स्पीकरला दिला जातो.

ओहमचा आकडाही तपासावा. अनेक उत्पादक संवेदनशीलता २.८३ व्होल्टवर मोजतात. आठ ओहमच्या स्पीकरमध्ये त्यातून एक वॅट जातो. चार ओहमच्या स्पीकरमध्ये दोन. म्हणजे चार ओहमच्या स्पीकरचा ९० हा आकडा प्रत्यक्षात ८७ च्या बरोबरीचा समजावा. उत्पादकाचा आकडा आणि स्वतंत्र मोजणी यांतही तीन-चार डेसिबलची तफावत आढळू शकते. त्यामुळे शक्य तेथे स्वतंत्र चाचणीचा अहवाल पाहावा.

दुकान आणि घर

शेवटचा निर्णय आकडे करत नाहीत, खोली करते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत भिंतींच्या अंतरामुळे ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपासचे स्वर फुगतात. पन्नाशीत थांबणाऱ्या स्पीकरने न जाणवलेला हा दोष तीसपर्यंत उतरणारा नवा स्पीकर ठळक करतो आणि ‘बास घुमतो’ अशी तक्रार सुरू होते. दुकानातील मोठ्या, गालिचे अंथरलेल्या दालनात हे कळण्याची सोय नाही. म्हणूनच आठवडाभर घरी ऐकून पाहण्याची मुभा देणारा विक्रेता, चार पैसे जास्त घेत असला, तरी परवडतो.

खरेदीपूर्वी ध्यानात ठेवावे असे :

– खोलीचे माप, स्पीकरची जागा आणि बसण्याचे अंतर आधी लिहून काढावे.

– दोन स्पीकरची तुलना करताना दोहोंचा आवाज मापकाने समान करून घ्यावा. एखादा डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर उगीचच सरस वाटतो.

– परिचयाची ध्वनिमुद्रणे न्यावीत. एक गायनाचे, एक तालवाद्याचे आणि एक जुने, सदोषही चालेल. दुकानदाराची निवडक तबकडी कोणत्याही स्पीकरवर गोडच वाजते.

– हळू आवाजातही ऐकून पाहावे. रात्री, शेजाऱ्यांचे भान ठेवून ऐकताना गाण्याचे शब्द हरवता कामा नयेत.

– जुना स्पीकर घेताना शंकूच्या कडेचे फोम बोटाने तपासावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते लवकर भुसभुशीत होते. रबरी किंवा कापडी कड अधिक टिकते.

– अॅम्प्लिफायर बदलावा लागणार असेल, तर त्याचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा.

सगळ्यांत महत्त्वाची खबरदारी आणखी वेगळी आहे. शक्य असेल, तर नवे स्पीकर घरात रुळेपर्यंत जुने कर्णे विकू नयेत. नातेवाइकाच्या घरी किंवा गोदामात काही आठवडे ठेवावेत. कानाला नव्या आवाजाची सवय होण्यास वेळ लागतो. पहिल्या आठवड्यातील नाराजी अनेकदा मावळते. न मावळल्यास निदान तुलना करण्याची संधी हाती राहते. एकदा विकलेला चांगला कर्णा त्याच अवस्थेत, त्याच किमतीत परत मिळणे कठीण.

तेव्हा ‘सर्वांत चांगला स्पीकर कोणता?’ हा प्रश्न बाजूला ठेवून कर्ण्याच्या मालकाने आधी स्वतःलाच विचारावे : इतकी वर्षे आपण नेमके काय ऐकत होतो? थापेची उसळी, शब्दांची धार की नुसता भव्यपणा? उसळी हवी असेल, तर संवेदनशीलतेचा आकडा पाहावा. धार हवी असेल, तर दिशा आणि खोली पाहावी. आणि भव्यपणाच प्रिय असेल, तर थोड्याशा मोठ्या पेटीसाठी दिवाणखान्यातील एखादी खुर्ची हलवण्याची तयारी ठेवावी. उत्तर कोणतेही असो; ते दुकानाची पायरी चढण्यापूर्वी हाती असले पाहिजे.